शोधनिबंध वाचावा कसा?

सप्टेंबर २०११ च्या अखेरीस जगभरच्या वृत्तपत्रांत एक बातमी ठळक अक्षरांत झळकली. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण इटलीतील एका प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षाही लवकर पोहोचले, अशी ती बातमी होती. 'आइन्स्टाइन चुकले काय?' अशा आशयाचे मथळे त्या आठवड्यात सर्वत्र दिसत होते. प्रकाशाच्या वेगापेक्षा अधिक वेगाने कोणताही पदार्थकण जाऊ शकत नाही, हा आइन्स्टाइनच्या १९०५ मधील सापेक्षता सिद्धांताचा महत्त्वाचा निष्कर्ष. तोच कोसळला तर पदार्थविज्ञानाची बरीचशी इमारत नव्याने बांधावी लागली असती.

ही बातमी कोट्यवधी लोकांनी वाचली. ज्या शोधनिबंधावर ती आधारलेली होती तो वाचणारे मात्र फारच थोडे होते. तो निबंध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येत होता. त्यातले सगळे गणित शालेय विद्यार्थ्याला समजणारे नव्हते हे खरे. पण त्यातील मुख्य विचार, मुख्य आकडे आणि मुख्य शंका मात्र नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोग्या होत्या. कोणताही शोधनिबंध कसा वाचावा आणि त्याचे मूल्यमापन कसे करावे, हे शिकण्यासाठी या निबंधाइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. म्हणून आपण त्याच्याच आधाराने पुढे जाऊ.

शोधनिबंध म्हणजे काय?

पाठ्यपुस्तकात आपण जे वाचतो ते तावून सुलाखून घेतलेले ज्ञान असते. शोधनिबंधाचे तसे नसते. 'आम्ही असे असे केले, आम्हांला असे असे आढळले आणि त्यावरून आम्हांला असे वाटते' हे संशोधकाने इतर संशोधकांना सांगितलेले निवेदन म्हणजे शोधनिबंध. न्यायालयातील साक्षीशी त्याची तुलना करता येईल. साक्ष महत्त्वाची असते, पण साक्ष म्हणजे निकाल नव्हे. उलटतपासणी व्हायची असते, दुसरे साक्षीदार यायचे असतात.

बहुतेक शोधनिबंधांची रचना ठरावीक असते. आरंभी शीर्षक, लेखकांची नावे आणि थोडक्यात सारांश. मग प्रास्ताविक, म्हणजे हा प्रश्न का हाती घेतला आणि पूर्वी कोणी काय केले आहे ते. त्यानंतर प्रयोगाची पद्धत, मिळालेले आकडे, त्यांवरील चर्चा आणि निष्कर्ष. शेवटी संदर्भांची यादी.

कादंबरी जशी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात तसा शोधनिबंध वाचू नये. जाणकार वाचक आधी शीर्षक व सारांश वाचतो, मग आकृत्या आणि तक्ते पाहतो, नंतर निष्कर्ष वाचतो आणि त्यानंतर पद्धतीकडे वळतो. तेथे मात्र तो सर्वांत अधिक वेळ घालवतो. कारण 'काय आढळले?' यापेक्षा 'हे यांना कसे कळले?' हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

आणखी एक गोष्ट आरंभीच पाहावी. हा निबंध तज्ज्ञ परीक्षकांच्या नजरेखालून गेला आहे काय? नियतकालिकात छापण्यापूर्वी संपादक निबंध त्या विषयातील इतर संशोधकांकडे तपासणीसाठी पाठवतात. सप्टेंबर २०११ मध्ये जो मजकूर सर्वांपुढे आला तो अशा तपासणीपूर्वीचा, म्हणजे पूर्वप्रत होता. परीक्षण झाले म्हणजे निबंध बिनचूक ठरतो असे नाही, पण एक चाळणी लागलेली असते एवढे खरे.

मथळा आणि शीर्षक

आता मूळ निबंधाचे शीर्षक पाहा. मराठीत सांगायचे तर ते साधारण असे होते : 'सर्नच्या न्यूट्रिनो झोतातील न्यूट्रिनोंच्या वेगाचे ऑपेरा डिटेक्टरच्या साहाय्याने केलेले मापन.' त्यात आइन्स्टाइन नाहीत आणि 'प्रकाशापेक्षा वेगवान' हे शब्दही नाहीत. संशोधकांनी एक मापन केले होते आणि ते मापनच त्यांनी शीर्षकात मांडले होते.

निबंधाचा शेवट तर अधिकच बोलका होता. आमच्या लक्षात न आलेली एखादी चूक मापनात असू शकते, म्हणून आम्ही तपास पुढे चालू ठेवत आहोत, आणि या निकालाचा कोणताही सैद्धांतिक अर्थ लावण्याचा प्रयत्न आम्ही मुद्दामच करीत नाही, अशा अर्थाचे निवेदन लेखकांनी केले होते.

यावरून पहिला धडा घ्यावा. बातमीतला दावा आणि निबंधातला दावा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पुष्कळदा दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

प्रयोग समजून घ्यावा

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, अत्यंत हलका मूलकण आहे. तो पदार्थाशी जवळजवळ काहीच देवघेव करीत नाही. म्हणून जमिनीतून, खडकातून तो सरळ पार जातो. सर्नमध्ये वेगवान प्रोटॉन एका लक्ष्यावर आदळवून न्यूट्रिनोंचा झोत तयार केला जात असे. तो झोत पृथ्वीच्या पोटातून सुमारे ७३० किलोमीटर प्रवास करून इटलीतील ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत पोहोचे. तेथे 'ऑपेरा' नावाचा प्रचंड डिटेक्टर त्यांतील मोजक्या न्यूट्रिनोंची नोंद करी. एका प्रकारच्या न्यूट्रिनोचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर होते ते पकडण्यासाठी हा डिटेक्टर मुख्यतः उभारला होता. वेग मोजणे हे त्याचे जोडकाम होते.

वेग म्हणजे अंतर भागिले काळ. हे आपण सातवी-आठवीतच शिकतो. येथेही तेच सूत्र आहे. म्हणून शंका घ्यायच्या जागा दोनच : अंतर आणि काळ.

अंतर मोजण्यासाठी उपग्रहांची मदत घेतली होती आणि ७३० किलोमीटरच्या अंतरात चूक फार तर २० सेंटिमीटर असेल असा लेखकांचा अंदाज होता. ही मोजणी इतकी बारीक होती, की २००९ मध्ये ला'क्विला येथे झालेल्या भूकंपाने ग्रान सासोची जागा सुमारे ७ सेंटिमीटर सरकली, तीही त्यांच्या आलेखात दिसत होती.

काळ मोजणे अधिक कठीण होते. प्रोटॉनांचा एकेक झोत १०.५ मायक्रोसेकंद, म्हणजे १०,५०० नॅनोसेकंद टिकत असे. (एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश भाग.) इटलीत नोंदला गेलेला एखादा न्यूट्रिनो या झोतातील नेमक्या कोणत्या प्रोटॉनापासून निघाला, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

असे समजा, की शाळा सुटली आहे आणि फाटकातून दहा मिनिटे मुले बाहेर पडत आहेत. दूर चौकात उभ्या असलेल्या माणसाला त्यांतली मोजकीच मुले दिसतात. फाटकापासून चौकापर्यंत यायला मुलांना किती वेळ लागला? एकेका मुलाबद्दल त्याला काहीच सांगता येणार नाही. पण फाटकावरची गर्दी कधी वाढली, कधी ओसरली याचा आलेख त्याच्याजवळ असेल आणि रोज पाहून चौकातल्या मुलांचाही आलेख त्याने काढला, तर एक आलेख दुसऱ्यावर सरकवून जुळवता येईल. जितके सरकवावे लागेल तितका प्रवासाचा वेळ. ऑपेराच्या संशोधकांनी नेमके हेच केले. २००९ ते २०११ या तीन वर्षांत नोंदलेल्या १६,१११ न्यूट्रिनोंचा आलेख त्यांनी प्रोटॉनांच्या आलेखाशी जुळवला.

आकडे स्वतः ताडून पाहावेत

निकाल असा होता : न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६०.७ नॅनोसेकंद आधी पोहोचले. येथे पेन्सिल हातात घ्यावी. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. ७३० भागिले ३,००,००० केले तर सुमारे ०.००२४३ सेकंद, म्हणजे २४ लाख ३० हजार नॅनोसेकंद येतात. त्यात ६० नॅनोसेकंदांची बचत म्हणजे साधारण लाखात अडीच भाग. निबंधातही वेगातील फरक एवढाच दिलेला होता. म्हणजे आकडे परस्परांशी जुळतात.

आता दुसरे गणित. ६० नॅनोसेकंदांत प्रकाश किती अंतर जातो? सुमारे १८ मीटर. अंतराच्या मोजणीतली चूक २० सेंटिमीटर असेल तर तिच्यामुळे एका नॅनोसेकंदाचाही फरक पडणार नाही. ६० नॅनोसेकंदांचा खुलासा अंतराने करायचा तर १८ मीटरांची चूक हवी. भूकंपाचे ७ सेंटिमीटर ज्यांना दिसतात, त्यांच्या नजरेतून १८ मीटर सुटतील हे संभवत नाही. म्हणून संशयाची सुई काळाकडे वळते.

पाहा, दोन ओळींच्या गणिताने आपण अर्धा निबंध बाजूला ठेवला आणि कुठे बारकाईने पाहायचे ते ठरवले. शोधनिबंधाची चिकित्सा म्हणतात ती हीच.

दोन प्रकारच्या चुका

निबंधात ६०.७ या आकड्यापुढे आणखी दोन आकडे होते : ± ६.९ आणि ± ७.४. शास्त्रीय निबंधातील कोणत्याही आकड्यापेक्षा त्याच्यापुढचा हा '±' अधिक काळजीपूर्वक वाचावा. पण येथे दोन '±' का?

प्रयोगशाळेतील साधे उदाहरण घेऊ. तुम्ही लंबकाच्या आंदोलनांचा काळ मोजता. थांबघड्याळ कधी थोडे आधी दाबले जाते, कधी थोडे उशिरा. या चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतात. पुष्कळ वेळा मोजून सरासरी काढली, की त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. मोजण्या शंभरपट केल्या तर सरासरीतली चूक सुमारे एक दशांश होते. ही झाली सांख्यिकीय किंवा यादृच्छिक त्रुटी.

आता असे समजा, की तुमच्याजवळच्या कापडी टेपचा पहिला सेंटिमीटर तुटून गेला आहे आणि ते तुमच्या लक्षात आलेले नाही. ५० सेंटिमीटरची फळी प्रत्येक वेळी ५१ सेंटिमीटर भरेल. दहा वेळा मोजा किंवा दहा हजार वेळा मोजा, सरासरी ५१ च येईल. उलट, जितक्या अधिक वेळा मोजाल तितका तुमचा चुकीच्या उत्तरावरचा विश्वास वाढत जाईल! ही एकतर्फी चूक. तिला पद्धतशीर त्रुटी म्हणतात. व्हर्निअर कॅलिपरची शून्य त्रुटी हा तिचाच प्रकार.

ऑपेराच्या निबंधातील ६.९ हा पहिल्या प्रकारच्या चुकीचा अंदाज होता आणि ७.४ हा दुसऱ्या. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंवरून कर्ण काढतो त्याच रीतीने दोन्ही एकत्र केल्या तर सुमारे १०.१ येतात. ६०.७ हा आकडा त्याच्या सहापट. संशोधकांच्या भाषेत 'सहा सिग्मा'. केवळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता अब्जात दोनाच्या आसपास.

हे वाचून पुष्कळांनी असे मानले, की निकाल खोटा असण्याची शक्यताच अब्जात दोन एवढी आहे. ही फार मोठी गल्लत आहे. ती शक्यता फक्त 'चुकांचे आमचे अंदाज बरोबर असतील तर' या अटीवर उभी आहे. सांख्यिकीय चुकीचा अंदाज आकड्यांच्या विखुरण्यावरूनच कळतो. पद्धतशीर चुकीचा अंदाज मात्र संशोधकाला ठाऊक असलेल्या कारणांवरूनच काढता येतो. तुटलेला टेप कोणाच्या लक्षातच आला नसेल तर त्याची नोंद '±' मध्ये येणार कशी?

मोठी वजाबाकी, लहान बाकी

मग ही लपलेली चूक शोधायची कुठे? निबंधातल्या पद्धतीच्या भागात. तेथे एक अतिशय उद्बोधक वजाबाकी दिली होती.

निकालाच्या आशेने नकळत आकडे वाकवले जाऊ नयेत, म्हणून संशोधकांनी आधी जुन्या, मुद्दाम अपुऱ्या ठेवलेल्या दुरुस्त्या धरून विश्लेषण केले होते. आंधळी कोशिंबीर खेळावी तसा हा प्रकार असतो आणि तो चांगल्या प्रयोगाची खूण मानला जातो. त्या विश्लेषणातून १०४८.५ नॅनोसेकंद हा फरक मिळाला. मग तारा, घड्याळे, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांतील सर्व विलंब हिशेबात घेऊन ९८७.८ नॅनोसेकंदांची दुरुस्ती केली. १०४८.५ वजा ९८७.८ बरोबर ६०.७.

जगाला हादरवणारा तो आकडा अशा रीतीने दोन मोठ्या आकड्यांची लहानशी बाकी होता. हजार रुपयांच्या हिशेबात साठ रुपये शिल्लक दाखवायचे असतील तर प्रत्येक नोंद चोख हवी. एकच नोंद चुकली तरी शिल्लक नाहीशी होते. अशी वजाबाकी दिसली, की वाचकाने थांबावे आणि एकेक नोंद तपासावी.

निबंधात पद्धतशीर चुकांचा तक्ताही होता. प्रोटॉनांचा झोत मोजणाऱ्या उपकरणापुढे ५ नॅनोसेकंद ही सर्वांत मोठी चूक मांडली होती. इतर नोंदी दोन-तीन नॅनोसेकंदांच्या किंवा त्याहून लहान. त्यांत एक साधी नोंद होती : ग्रान सासो येथील प्रकाशतंतू, चूक १ नॅनोसेकंद.

हा तंतू काय होता? उपग्रहाकडून मिळणारी वेळेची खूण जमिनीवर घेतली जात असे आणि ८.३ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून ती डोंगराखालच्या मुख्य घड्याळापर्यंत नेली जात असे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एवढे अंतर जायला त्याला सुमारे ४१,५०० नॅनोसेकंद लागणार. त्यात चूक फक्त एका नॅनोसेकंदाची असावी आणि ती पुढेही तेवढीच राहावी, असा हा हिशेब होता. 'हा विलंब कधी मोजला? त्यानंतर पुन्हा मोजला काय?' असा प्रश्न वाचकाने येथे विचारायला हवा. एखादी गोष्ट एकदा मोजली म्हणजे ती तशीच राहते, हे गृहीतक असते.

दुसऱ्या दिशेने येणारा पुरावा

कोणताही निबंध एकट्याने वाचू नये. त्याच प्रश्नावर निसर्गाने किंवा इतर संशोधकांनी दुसरी काही साक्ष दिली आहे काय, ते पाहावे.

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघातील एका ताऱ्याच्या स्फोटाची खूण पृथ्वीवर पोहोचली. तेथून निघालेले दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो जपान, अमेरिका व तेव्हाचा सोव्हिएत संघ येथील उपकरणांत नोंदले गेले आणि त्यानंतर सुमारे तीन तासांनी स्फोटाचा प्रकाश पोहोचला. तीन तासांच्या या अंतरालाही कारण होते. न्यूट्रिनो ताऱ्याच्या गाभ्यातून तत्काळ निसटतात, प्रकाश मात्र स्फोटाचा तडाखा पृष्ठभागापर्यंत आल्यावरच बाहेर पडतो.

हा तारा सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर. आता ऑपेराचा 'लाखात अडीच' हा फरक येथे लावा. न्यूट्रिनो प्रकाशाच्या आधी चार वर्षे यायला हवे होते! प्रत्यक्षात ते तीन तास आधी आले.

मग ऑपेराचा निकाल येथेच खोटा ठरला काय? नाही. ताऱ्याकडून आलेल्या न्यूट्रिनोंची ऊर्जा सर्नच्या न्यूट्रिनोंच्या मानाने हजारपटींहूनही कमी होती. ऊर्जेनुसार वेग बदलत असेल, असे कोणी म्हणू शकले असते. ऑपेराच्या लेखकांनीही या ताऱ्याचा उल्लेख प्रामाणिकपणे केला होता. पण एवढे मात्र ठरले, की निकाल खरा मानायचा तर आणखी एक नवी गोष्ट गृहीत धरावी लागणार. ज्या दाव्यासाठी अशी गृहीतके वाढत जातात, त्याच्याकडून पुरावाही तेवढाच भक्कम मागावा.

पुढे काय झाले?

पहिली शंका होती लांब झोताची. ती फेडण्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०११ मध्ये प्रयोग वेगळ्या रीतीने केला गेला. फाटकातून दहा मिनिटे मुले सोडण्याऐवजी घंटा वाजताच चार-दोन मुले सोडावीत तसे अवघ्या ३ नॅनोसेकंदांचे झोत पाठवले. फक्त २० न्यूट्रिनो मिळाले, पण प्रत्येकाची निघण्याची वेळ निश्चित होती. उत्तर आले ६२.१ नॅनोसेकंद. म्हणजे आलेख जुळवण्याची रीत निर्दोष होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घड्याळाची यंत्रणा तीच होती. तुटका टेप तोच ठेवून मोजण्याची पद्धत बदलली, तर तुटक्या टेपची चूक सापडत नाही.

ती सापडली कशी? संशोधक स्वतःच आपल्या यंत्रणेची एकेक कडी तपासत होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केले, की त्या ८.३ किलोमीटरच्या प्रकाशतंतूची मुख्य घड्याळाशी असलेली जोडणी नीट घट्ट बसलेली नव्हती. जोडणी सैल असल्यामुळे प्रकाश कमी पोहोचे, विद्युतसंकेत तयार व्हायला वेळ लागे आणि घड्याळ मागे पडे. स्टेशनावरचे घड्याळ मागे असेल तर वेळेवर आलेली गाडीही वेळेआधी आली असे वाटते. न्यूट्रिनोंचे तेच झाले. घड्याळाच्या आंदोलकात आणखी एक लहान दोष होता, पण तो उलट दिशेने काम करीत होता.

हा दोष किती काळ होता, हे शोधण्याची युक्तीही सुंदर होती. ग्रान सासो येथेच एलव्हीडी नावाचा दुसरा डिटेक्टर होता. विश्वकिरणांतून येणारे काही म्युऑन कण या दोन्ही डिटेक्टरांतून आडवे पार जात. दोन्ही ठिकाणच्या वेळा ताडून पाहिल्या, तेव्हा ऑगस्ट २००८ ते डिसेंबर २०११ या काळात ऑपेराची वेळ सुमारे ७३ नॅनोसेकंदांनी बिघडलेली आढळली. '१ नॅनोसेकंद' अशा त्या नोंदीआड ७० हून अधिक नॅनोसेकंद दडले होते!

मार्च २०१२ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील 'इकॅरस' या स्वतंत्र प्रयोगाने ७ न्यूट्रिनोंच्या आधारे आपला निकाल दिला : फरक ०.३ नॅनोसेकंद, म्हणजे चुकीच्या मर्यादेत शून्यच. मे २०१२ मध्ये नवा झोत सोडण्यात आला आणि बोरेक्सिनो, इकॅरस, एलव्हीडी व ऑपेरा या चारही प्रयोगांनी न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळतो असे दाखवले. ऑपेराचा सुधारलेला निबंध २०१२ मध्येच, परीक्षण होऊन, नियतकालिकात छापला गेला. शीर्षक तेच राहिले. पूर्वीच्या मापनांचे दुरुस्त उत्तर मात्र ६.५ नॅनोसेकंद आणि त्याच्यापुढची चूक त्याहून मोठी, असे झाले.

मग तो निबंध वाईट होता काय?

माझ्या मते, नाही. त्यातले उत्तर चुकीचे होते, पण निबंध चांगला होता. लेखकांनी प्रत्येक विलंबाचा हिशेब तक्त्यात मांडला, विरोधी पुरावा लपवला नाही, अर्थाच्या बाबतीत संयम ठेवला आणि इतरांना तपासण्यासाठी सर्व काही उघड केले. म्हणूनच चूक कोठे शोधायची ते कळू शकले. याउलट, उत्तर बरोबर असूनही निबंध वाईट असू शकतो. पद्धत न सांगता नुसता निकाल जाहीर केला, तर तो बरोबर असला तरी तपासता येत नाही.

चिकित्सा म्हणजे टवाळी नव्हे. 'हे सगळे खोटे आहे' असे म्हणायला वाचावे लागत नाही. 'एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी म्हटले म्हणजे खरेच' असे म्हणायलाही वाचावे लागत नाही. या निबंधावर दीडशेहून अधिक नावे होती आणि त्यामागे सर्नचा लौकिक होता. सैल जोडणीला त्याची पर्वा नव्हती. सप्टेंबर २०११ मध्ये कोणत्याही वाचकाला घरी बसून ती जोडणी दिसणे शक्य नव्हते. पण हा निकाल घड्याळांच्या साखळीवर टांगलेला आहे आणि दुसऱ्या घड्याळाने तो तपासला जाईपर्यंत थांबले पाहिजे, एवढे मात्र निबंध वाचूनच कळत होते. किती विश्वास ठेवायचा आणि कशाची वाट पाहायची, हे ठरवता येणे हेच वाचनाचे फळ.

करून पाहा

असे निबंध दररोज तुमच्या हाती येणार नाहीत. पण 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' हे शब्द मात्र जाहिरातींत, बातम्यांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत रोज भेटतील. समजा, एखाद्या टॉनिकामुळे वीस मुलांचे गुण वाढले असा दावा आहे. टॉनिक न घेतलेल्या तशाच वीस मुलांचे गुण किती वाढले, हे सांगितले आहे काय? दुसरी परीक्षा सोपी असेल तर टॉनिकाशिवायही गुण वाढतीलच. ही पद्धतशीर चूकच झाली. मुले वीसऐवजी वीस हजार घेतली तरी ती जाणार नाही.

पुढील प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि कोणत्याही दाव्याला ते क्रमाने विचारा :

१. मूळ निबंधात नेमके काय म्हटले आहे आणि बातमीत काय?

२. प्रत्यक्षात काय मोजले? कशाने आणि किती वेळा?

३. '±' किती आहे? त्यात कोणत्या चुका धरल्या आहेत आणि कोणत्या सुटल्या असू शकतील?

४. तुलना कशाशी केली आहे?

५. दुसऱ्या मार्गाने मिळालेला पुरावा याच्याशी जुळतो काय?

६. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या उपकरणाने, हेच पुन्हा करून पाहिले आहे काय?

शिक्षकांनीही एक प्रयोग करून पाहावा. वर्गात दोन गटांना एकच टेबल मोजायला द्यावे. एका गटाला चांगला टेप आणि दुसऱ्याला टोकाचा सेंटिमीटर कापलेला. प्रत्येक गटाने वीस मोजण्या घेऊन सरासरी आणि '±' सह एका पानाचा निबंध लिहावा. मग निबंधांची अदलाबदल करावी. दोन्ही गटांचे '±' लहान असतील आणि उत्तरे मात्र जुळणार नाहीत. चूक कोणाच्या टेपात आहे हे नुसते निबंध वाचून ठरवता येते काय, आणि नसेल तर ते ठरवण्यासाठी कोणती एक मोजणी करावी लागेल, हे मुलांना शोधू द्यावे.